मोटारसायकलची चेन : निगा आणि बदल (भिलाई, सेक्टर ६)

मोटारसायकलची चेन : गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील पुढच्या स्प्रॉकेटची गती मागच्या चाकावरील स्प्रॉकेटला देणारी पोलादी रोलर साखळी. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मिळून ‘चेन सेट’ होतो. भिलाईच्या गॅरेजांत स्प्रॉकेटला ‘गरारी’ म्हणतात. झिजलेली चेन दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. ती किती दिवस टिकेल हे मात्र किलोमीटरच्या आकड्यापेक्षा तेल, धूळ आणि ताण या तीन गोष्टींवर ठरते.

रचना : स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मँचेस्टरला कारखाना चालवणाऱ्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. आजची चेन त्याच घडणीची आहे. तिच्यात आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते. आतल्या कडीच्या दोन पट्ट्यांत दोन बुश ठोकून बसवलेले असतात आणि बुशवर रोलर सैल फिरतो. बाहेरच्या कडीच्या पिना या बुशमधून आरपार जातात. दोन लगतच्या पिनांच्या मध्यांतील अंतर म्हणजे पिच. चेनच्या क्रमांकातील पहिला अंक पिच सांगतो, तो इंचाच्या आठव्या भागांत. भारतातील बहुतेक कम्यूटर गाड्यांच्या ४२८ क्रमांकाच्या चेनचा पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतो. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांच्या ५२० क्रमांकाच्या चेनचा १५.८७५ मिमी.

साध्या चेनमध्ये पिन व बुश यांच्यात तेल बाहेरून पोचवावे लागते. ओ-रिंग चेनमध्ये कारखान्यातच ग्रीस भरून दोन पट्ट्यांच्या मध्ये रबरी कडी बसवतात, त्यामुळे ग्रीस आत राहते आणि धूळ बाहेर. भारतात चेन बनवणाऱ्यांत चेन्नईच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सची ‘डायमंड’ आणि कोइम्बतूरच्या एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्सची ‘रोलॉन’ ही नावे जुनी आहेत.

झीज : ‘चेन ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते, पण पट्ट्या लांबत नाहीत. चेन स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना प्रत्येक सांध्यात पिन बुशच्या आत थोडी फिरते. १४ दातांच्या पुढच्या स्प्रॉकेटवर हे वळण सुमारे २६ अंशांचे असते, तर ४२ दातांच्या मागच्या स्प्रॉकेटवर ९ अंशांहूनही कमी. या फिरण्याने पिन बाहेरून आणि बुश आतून झिजतो. सरासरीने सांध्यामागे पाव मिमी झीज झाली, तरी ४२८ क्रमांकाची १२० कड्यांची चेन (मूळ लांबी १५२४ मिमी) सुमारे ३० मिमी लांबते. म्हणजे दोन पिचहून अधिक.

ही वाढ सगळीकडे सारखी वाटली जात नाही. आतल्या कडीत दोन बुश पक्के असल्याने तिचा पिच तेवढाच राहतो. वाढते ती बाहेरची कडी. त्यामुळे एकाआड एक पिच मोठा होतो, रोलर दाताच्या बुडाशी न बसता वर सरकतात आणि दात हळूहळू एका अंगाने खचून आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. पुढचा स्प्रॉकेट लहान आणि जास्त फेरे घेणारा, म्हणून त्याचे दात आधी जातात.

भिलाईतील वापर : भिलाई पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कामगारांसाठी वसवलेल्या टाउनशिपचे सेक्टर क्रमांकाने ओळखले जातात. सेक्टर ६ हा त्यांपैकीच एक. क्वार्टर ते प्लांट हे अंतर थोडे, रस्ते सपाट आणि तीन पाळ्यांमुळे गाडीला सुट्टी कमी, असा इथला वापर आहे.

चेनला त्रास देणाऱ्या गोष्टी इथे तीन. पहिली धूळ. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि कोळसा यांची हाताळणी जिथे होते तिथल्या रस्त्यांवर बारीक, कठीण भुकटी असते. ती ओल्या तेलावर बसली की पॉलिशच्या लेपासारखी पिना घासते. म्हणून मळलेल्या चेनवर वरून तेल ओतणे हे तेल न घालण्याइतकेच वाईट. दुसरी गोष्ट उन्हाळा : पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पातळ तेल चेनवर टिकत नाही, मागच्या रिमवर उडते. तिसरा पावसाळा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत क्वार्टरसमोर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची साधी चेन एका रात्रीत तांबूस होते. तो गंज वरवरचा असेल तर पुसला जातो. पिनेच्या कडेला लाल भुकटी सुटत असेल, तर आतला सांधा कोरडा पडल्याची ती खूण आहे.

बंद चेन कव्हर असलेल्या गाड्यांची, उदाहरणार्थ जुन्या घडणीच्या स्प्लेंडरची, चेन धूळपावसात जास्त टिकते. पण डोळ्यांआड गेलेल्या चेनकडे दुर्लक्षही तितकेच होते. कव्हरच्या खालच्या भागातले रबरी बूच काढले की बोटाने ताण पाहता येतो.

तपासणी : गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. मागचे चाक हाताने फिरवून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. लांबी : चेनची खालची बाजू ताणून २१ पिनांमधील, म्हणजे २० पिचचे अंतर पट्टीने मोजावे. ४२८ क्रमांकाची नवी चेन २५४ मिमी भरते. २५९ मिमी झाल्यावर ती बदलावी. ५२० क्रमांकात हेच आकडे ३१७.५ आणि सुमारे ३२३ मिमी. तीन-चार ठिकाणी मोजून सर्वांत मोठे माप धरावे.

२. उचल : मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाशी चेन बोटाने मागे ओढावी. दाताची अर्धी उंची उघडी पडली, तर चेन संपली.

३. कडक कड्या : चेन सरळ असतानाही एखादी कडी वाकडीच राहत असेल, तर तो सांधा गंजला आहे. तेलाने सुटला नाही तर चेन बदलावी.

४. असमान ताण : चाक फिरवताना चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल होत असेल, तर झीज असमान आहे. कितीही वेळा ताण लावला तरी ती नीट बसत नाही.

५. हब रबर : थ्रॉटल देता-सोडताना झटका बसतो तो नेहमी चेनमुळेच नसतो. मागच्या हबमधील रबर खाल्ले गेले तरी तसेच होते. अशा वेळी चेन घट्ट करत बसणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सफाई आणि तेल : रॉकेल आणि नायलॉनचा मऊ ब्रश हे जुने आणि योग्य साधन. रॉकेल सहज मिळत नसल्याने साध्या चेनसाठी डिझेलही वापरतात. पेट्रोल वापरू नये : ते पेट घेते आणि ओ-रिंगचे रबर बिघडवते. तारेचा ब्रश आणि जोरदार पाण्याचा फवारा हेही ओ-रिंगला मारक. चेन फडक्याने पुसून सुकली की ९० क्रमांकाचे गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे खालच्या बाजूच्या आतल्या अंगाला लावावा; फिरताना ते आपोआप बाहेरच्या दिशेने जाते. धार रोलरच्या मधोमध नव्हे, तर पट्ट्यांच्या दोन्ही फटींवर पडली पाहिजे. वाट तिथूनच आत जाते. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना तेल लावून रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी जास्तीचे पुसावे. दर ५०० किमीला तेल हा सर्वसाधारण नियम. पावसात भिजल्यावर मात्र किलोमीटर मोजत बसू नये. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन साफ करण्याची सवय बोटांवर बेतते.

ताण : खालच्या बाजूच्या मध्यभागी चेन वर-खाली हलवून एकूण हालचाल मोजतात. कम्यूटर गाड्यांत ती साधारण २० ते ३० मिमी असते. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत किंवा चेन कव्हरवरील स्टिकरवर पाहावे. माप घेताना चेन सर्वांत घट्ट असलेली जागा धरावी. अ‍ॅक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवावेत आणि मागच्या फोर्कवरील खुणा जुळवाव्यात. जास्त घट्ट चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टची आणि चाकाची बेअरिंग खाते. जास्त सैल चेन उतरून मागचे चाक जाम करू शकते. चाक मागे सरकल्याने ड्रम ब्रेकचा रॉड ओढला जातो, म्हणून शेवटी ब्रेकचा नट आणि ब्रेक दिवा तपासण्यास विसरू नये.

बदल : नवी चेन जुन्या दातांवर चढवली तर वाकड्या दातांमुळे ती लवकर झिजते, नव्या दातांवर जुनी चेन तेच उलट बाजूने करते. म्हणून पूर्ण सेटच बदलतात. चेन लांबली म्हणून कडी कापून काढण्याचा स्वस्त उपाय काही ठिकाणी केला जातो. त्याने एकूण लांबी कमी होते, पण प्रत्येक सांध्याची झीज तशीच राहते.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. जुनी चेन जागेवर असतानाच मागचा ब्रेक दाबून पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करावेत. चेन उतरल्यावर स्प्रॉकेट धरून ठेवायला काही उरत नाही. मग चेनलॉक (चेनची दोन टोके जोडणारी सुटी कडी) उघडून चेन आणि चाक काढावे, मागचा स्प्रॉकेट बदलावा आणि हब रबर, बेअरिंग पाहून घ्यावीत. नव्या चेनच्या कड्या जुन्या चेनशी मोजून जुळवाव्यात. दोन्ही टोके मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर ठेवून जोडली तर हातात सुटत नाहीत. लॉकच्या पत्तीचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावे. उलट बसवलेली पत्ती कशाला तरी घासून निघू शकते. ओ-रिंग चेनच्या लॉकबरोबर येणाऱ्या चारही रबरी कड्या बसवाव्यात. मोठ्या गाड्यांची रिव्हेटची चेन मात्र योग्य हत्यार असलेल्या मेकॅनिककडेच द्यावी.

नव्या सेटचा ताण पहिल्या ५०० किमीनंतर पुन्हा तपासावा, कारण सुरुवातीला सांधे बसत असताना चेन थोडी सैल होते. भिलाईहून राजनांदगाव, भंडारामार्गे नागपूरला राष्ट्रीय महामार्ग ५३ ने दुचाकीवर जाणाऱ्यांनी सेट निघण्याच्या आदल्या दिवशी बदलू नये. आठवडा-पंधरवडा आधी बदलून पहिला ताण घरीच लावून घ्यावा.