तरणतलावातून उमरावसभेत

सन १९४८ च्या २९ जुलैस लंडन येथे ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या सोळा जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर तेथे उपचार करणारे डॉ. लुडविग गुट्मन यांची ही कल्पना. तिच्यातूनच पुढे १९६० साली रोम येथे पॅरालिंपिक उभे राहिले.

आपल्या वाचकांस या स्पर्धेची ओळख बहुधा मुरलीकांत पेटकर यांच्या नावाने असेल. सांगली जिल्ह्यातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. आम्ही उभे आयुष्य सरकारी नोकरीत घालविले, फायली कशा निजतात ते जाणतो; तरीही सेहेचाळीस वर्षांचे हे अंतर पाहून आम्हांस ओशाळल्यासारखे झाले.

याच सुमारास ख्रिस होम्स या इंग्रज जलतरणपटूची हकिगत वाचनात आली. जन्म १९७१, गाव किडरमिन्स्टर. चौदाव्या वर्षी एका रात्रीत त्यांची दृष्टी गेली. पोहणे मात्र सुटले नाही. १९९२ साली बार्सिलोनास सहा सुवर्णपदके, १९९६ साली अटलांटास आणखी तीन. दरम्यान केंब्रिजला राज्यशास्त्राचा अभ्यास, पुढे वकिली, आणि लंडनच्या २०१२ च्या स्पर्धेत पॅरालिंपिकच्या आयोजनाची मोठी जबाबदारी. २०१३ साली हुजूर पक्षातर्फे ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये दाखल झाले. संस्थानी आठवणी जपणाऱ्या आपल्या घरांत ‘लॉर्ड’ म्हटले की वंशपरंपरा आणि जहागीर डोळ्यांपुढे येते. परंतु १९५८ च्या कायद्यापासून तेथे तहहयात उमरावही नेमले जातात. त्यांची पदवी पुढल्या पिढीकडे जात नाही.

नामनियुक्त सभासद शोभेपुरता असतो, हा आमचा जुना ग्रह. तो ढळला एका रस्त्याच्या प्रकरणाने. हान्स मोंडरमन या डच अभियंत्याच्या विचारांतून युरोपात ‘सामायिक रस्त्यां’ची टूम निघाली होती. पदपथाची कड काढावयाची, सिग्नल काढावयाचे, सारी जमीन एका पातळीवर आणावयाची. वाहनचालक व पादचारी परस्परांच्या नजरेला नजर देऊन वाट ठरवितील. कल्पना सुरेख. पण ज्यास दिसत नाही त्याने नजर कोठून द्यावी? पदपथाची कड हीच तर पांढऱ्या काठीची आणि वाटाड्या कुत्र्याची खूण. होम्स यांनी २०१५ साली पाहणी करून अहवाल काढला. असे रस्ते वापरलेल्यांपैकी शेकडा ६३ जणांनी आपला अनुभव वाईट असल्याचे सांगितले, आणि त्यांत डोळस माणसेही होती. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडच्या परिवहन खात्याने अशा नव्या योजना तूर्त थांबवाव्यात, असे स्थानिक संस्थांस कळविले.

आमच्या सेवाकाळात एका कचेरीत अपंगांसाठी उतरण बांधली गेली. अंदाजपत्रक आम्हीच तपासले होते. उतरण संपते तेथे चार बोटे उंचीचा उंबरठा राहिला. उद्घाटन झाले, नारळ फुटला, तो कोणाच्याच लक्षात आला नाही. तक्रार आली ती चार महिन्यांनी, खुर्चीवरून आलेल्या एका निवृत्त शिक्षकाकडून.

आपल्याकडेही खेळाडू संसदेत गेले आहेत. राज्यसभेवर २०१२ साली सचिन तेंडुलकर व २०२२ साली पी. टी. उषा यांची नेमणूक झाली. पॅरालिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणारे भालाफेकपटू देवेंद्र झाझडिया यांनी मात्र नेमणुकीची वाट पाहिली नाही. २०२४ साली ते राजस्थानातील चुरू मतदारसंघातून लोकसभेस उभे राहिले आणि पराभूत झाले.