दिवाणखान्याने तोंड फिरवले

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कुणाकडे गेल्यावर बाहेरच्या खोलीत आपण बसतो, तेव्हा आपले तोंड कुठे असते? यजमानाकडे, की टीव्हीकडे? प्रश्न साधा आहे, पण त्यामागे आपल्या घरांचा पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे.

जुन्या वाड्यातली बैठक म्हणजे गादी, लोड आणि तक्के. पाठ भिंतीला, नजर दाराकडे. आलेला माणूस दिसावा, त्याला 'या, बसा' म्हणता यावे. पुढे चाळी आणि ब्लॉक आले, गादीच्या जागी खुर्च्या आणि सोफे आले, तरी माणसे माणसांसमोरच बसत.

रेडिओने ही बैठक मोडली नाही. तो फळीवर बसे. त्याच्याकडे पाठ केली तरी चाले. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आई आणि गॅलरीत दाढी करणारे वडील एकच गाणे ऐकत. मी रेडिओवरून बोलतो आहे म्हणून त्याची बाजू घेतो, असे कृपया समजू नका!

टीव्हीला मात्र समोर बसलेला माणूस लागतो. दिल्लीत तो १५ सप्टेंबर १९५९ला सुरू झाला. मुंबईत यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. संच कुठे ठेवायचा हे पुष्कळदा अँटेनाच्या वायरनेच ठरवले. गच्चीवरून येणारी ती चपटी वायर खिडकीतून आत शिरे, म्हणून संचही खिडकीजवळच्या कोपऱ्यात. पिक्चर ट्यूब मागे निमुळती होत जाई. संच तिरका ठेवला की तिचा फुगवटा कोपऱ्यात बरोबर मावे. समोरून उजेड आला तर काच चमके, मग भरदिवसा पडदे ओढले जात. कित्येक संचांना लाकडी सरकती दारे असत, अगदी देव्हाऱ्यासारखी.

आमच्या चाळीत रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपटाच्या वेळी ज्यांच्याकडे संच होता, त्यांच्या खुर्च्या भिंतीला सरकत आणि सतरंजी पसरली जाई. पोरे पुढे, म्हातारी मंडळी खुर्चीत, उरलेले दारात. घरची बाई मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, अर्धा कान कुकरच्या शिट्टीकडे. फोडणी घालताना तिला गाणे ऐकू येई. दिसत काही नसे. रेडिओपुढे सगळे घर सारखे होते, इथे बसायच्या जागेवरून पायरी ठरू लागली. २५ जानेवारी १९८७पासून 'रामायण' रविवारी सकाळी लागू लागले, तेव्हा अनेक घरांत स्वयंपाकाची वेळच बदलली आणि ती उंबऱ्यावरून पुढे येऊन बसली. याचे श्रेय रामानंद सागरांना द्यायला माझी हरकत नाही.

नंतर सुताराकडून भिंतभर शोकेस करून घ्यायची पद्धत आली. मधोमध टीव्हीचा खोल कप्पा, भोवती बाहुल्या, कप आणि ढाली. पुढे संच चपटे होऊन भिंतीवर गेले. आमच्या घरी तो कप्पा अजून आहे. त्यात सध्या आईचा जुना रेडिओ ठेवला आहे. सोफा मात्र अजून टीव्हीकडेच तोंड करून आहे. पाहुणे आले की आम्ही माना वळवून बोलतो.