पारचा शिवकालीन पूल: साडेतीनशे वर्षांनंतरही कोयनेवर उभा कसा?

सातारा जिल्ह्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी पार हे छोटं गाव आहे. रामवरदायिनी देवीचं मंदिर ही या गावाची मुख्य ओळख. गावाजवळच कोयना नदीवर काळ्या दगडाचा एक कमानी पूल आहे. तो शिवकालीन मानला जातो आणि आजही वापरात आहे.

इथेच पूल का?

वाईकडून महाड आणि कोकणातल्या बंदरांकडे जाणारी जुनी वाट पार घाटातून उतरत असे. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोरे यांच्याकडून जावळी घेतली. त्यानंतर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधला गेला. १६५९ मध्ये अफझलखानाची छावणीही याच पार परिसरात होती. गडाला रसद पोहोचवायची आणि घाटावर लक्ष ठेवायचं, तर पावसाळ्यात फुगणारी कोयना ओलांडण्याची कायमची सोय हवीच होती.

पूल टिकला कसा?

दगड दाब भरपूर सहन करतो, पण ताण पडला की तुटतो. कमानीत वरचं वजन एका दगडावरून दुसऱ्यावर दाबाच्या रूपात सरकत खांबांपर्यंत जातं. या पुलाच्या कमानी टोकदार आहेत. अशा कमानींचा बाजूला पडणारा रेटा अर्धगोल कमानींपेक्षा कमी असतो.

खांबांची प्रवाहाकडची बाजू त्रिकोणी आहे. त्यामुळे पाणी दुभंगून बाजूने निघून जातं आणि पुराचा थेट मारा कमी होतो. दगड सांधायला चुना वापरला आहे. चुना सिमेंटइतका कडक नसतो. बांधकाम किंचित हललं तरी तो सहज तडकत नाही आणि आतली ओल बाहेर पडू देतो.

हे सगळं कुठे टिकलं, तेही महत्त्वाचं. शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तिथे एकाच दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता.

वाट बदलली

इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता झाला आणि पार घाटाची वर्दळ ओसरली. जड वाहतूक दुसरीकडे गेल्याने पुलावरचा भारही हलका राहिला.

जपणूक का हवी?

दगडी पूल आपोआप टिकत नाहीत. घाट उतरल्यावर महाडजवळ सावित्री नदीवर ब्रिटिशकालीन दगडी कमानी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं वाहून गेली, अनेकांचा जीव गेला.

अशा पुलांना धोका असतो तो सांध्यांत रुजणाऱ्या वड-पिंपळाच्या मुळांचा, पायाजवळची माती वाहून जाण्याचा आणि अवजड वाहनांचा. चुन्याच्या सांध्यांवर सिमेंट थापलं तर ओल आतच अडकते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी झाडोरा काढणं, पावसाळ्यानंतर पाया तपासणं आणि दुरुस्ती चुन्यानेच करणं, ही साधी कामं इथे सर्वात मोलाची ठरतात.

पुलाखालून वाहणारी हीच कोयना पुढे कराडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी सांगलीपर्यंत जातं.