पत्ता न जुळलेली रिक्वेस्ट जाते कुठे? ‘फॉलबॅक राउटिंग’ समजून घ्या चिमूरच्या पिन कोडवरून

समजा, ताडोब्याच्या जंगलाला लागून असलेल्या चिमूर तालुक्यातल्या एका शेतात रानडुकरांनी रात्रीतून धान तुडवलं. शेतकऱ्यानं सकाळी मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमध्ये नुकसानीचा अर्ज भरला, फोटो जोडले आणि ‘सबमिट’ दाबलं. पण त्याच्या फोनमधलं अ‍ॅप जुनं आहे आणि मधल्या काळात सर्व्हरवरचा अर्ज घेण्याचा पत्ता बदललाय.

आता स्क्रीनवर काय दिसेल? कदाचित एरर येईल. कदाचित चक्र गोल गोल फिरत राहील. किंवा ‘अर्ज यशस्वी’ असा हिरवा मेसेज येईल आणि अर्ज मात्र कुठेच पोहोचलेला नसेल. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण अशा अर्जांना मुदत असते आणि चूक कळेपर्यंत ती निघून जाते.

या तिन्हींपैकी काय होणार, हे ठरवण्यात मोठा वाटा असतो तो ‘फॉलबॅक राउटिंग’चा.

आधी एपीआय गेटवे म्हणजे काय?

दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी ठरलेल्या पद्धतीनं बोलतात, त्या सोयीला एपीआय म्हणतात. मोठ्या सेवेच्या मागे अनेक सर्व्हर असतात. एक लॉगिन पाहतो, एक अर्ज घेतो, एक पैसे स्वीकारतो. या सगळ्यांच्या पुढे एकच दार असतं, ते म्हणजे एपीआय गेटवे. आलेली रिक्वेस्ट कोणाची आहे, तिला परवानगी आहे का आणि ती कोणत्या सर्व्हरकडे पाठवायची, हे तिथे ठरतं.

त्यासाठी गेटवेकडे पत्त्यांची एक यादी असते. यादीतल्या प्रत्येक नोंदीला ‘राउट’ म्हणतात. रिक्वेस्टचा पत्ता आणि प्रकार (माहिती मागणारी ‘गेट’ की माहिती पाठवणारी ‘पोस्ट’) यादीशी ताडून पाहिला जातो. बहुतेक गेटवे सगळ्यात नेमकी जुळणारी नोंद निवडतात.

हेच काम पोस्ट खातं कसं करतं?

भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची कल्पना मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी होते.

चिमूरचा पिन आहे ४४२९०३. त्यातला पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा विभाग दाखवतो. ४४२ म्हटलं की पत्र वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात येतं. शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. गेटवेसुद्धा पत्ता असाच तुकड्यातुकड्यांनी वाचतो.

पत्ता सापडलाच नाही, तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल, तर ते ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’मध्ये जातं. तिथे नेमलेले कर्मचारी ते उघडून आत काही ठावठिकाणा मिळतो का, हे पाहतात. याच कार्यालयाला पूर्वी ‘डेड लेटर ऑफिस’ म्हणत.

कुठेच न जुळणाऱ्या रिक्वेस्टसाठी गेटवेत ठेवलेली शेवटची नोंद, म्हणजे फॉलबॅक राउट, हेच काम करते.

फॉलबॅक ठेवलाच नाही तर?

मग प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीनं वागतं. ‘काँग’ हा गेटवे जुळणारा राउट नसल्याचा मेसेज आणि ४०४ हा कोड देतो. अ‍ॅमेझॉनच्या एचटीटीपी एपीआयमध्ये ‘डीफॉल्ट’ नावाचा खास राउट ठेवता येतो. ‘एनजिन्एक्स’ची गंमत वेगळी आहे. वेबसाईटचं नाव कुठेच जुळलं नाही आणि डीफॉल्टही नेमलेला नसेल, तर त्या पोर्टवर जो सर्व्हर यादीत पहिला लिहिलाय, त्यालाच रिक्वेस्ट मिळते. म्हणजे कोणी न ठरवताच फॉलबॅक ठरून जातो.

चांगला फॉलबॅक कसा असतो?

पहिली अट म्हणजे खरं उत्तर. पत्ताच नाही, तर ४०४. पत्ता आहे पण रिक्वेस्टचा प्रकार चुकला, तर ४०५. सेवा कायमची बंद केली, तर ४१०. पत्ता कायमचा बदलला असेल, तर ३०८ हा कोड नवा पत्ता सांगतो आणि अर्जासारखी ‘पोस्ट’ रिक्वेस्ट त्याच रूपात तिकडे पाठवायला लावतो.

अनेक वेबसाईट न जुळलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला होमपेज आणि सोबत २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, असा कोड देतात. ब्राउझरमध्ये फिरणाऱ्या माणसाला ते चालून जातं. अ‍ॅप मात्र फक्त २०० पाहून ‘अर्ज यशस्वी’ दाखवू शकतं. पोस्टमननं पत्र न देताच ‘पोहोचलं’ असा शिक्का मारावा, तसं हे झालं.

दुसरी अट म्हणजे नोंद. नवं व्हर्जन आल्यावर न जुळणाऱ्या रिक्वेस्ट अचानक वाढल्या, तर जुनं अ‍ॅप वापरणारे लोक अडकलेत, हे त्या आकड्यावरून कळतं. कमकुवत दारं शोधत फिरणारे बॉटही इथेच सापडतात. म्हणून या वाटेवर रिक्वेस्टच्या संख्येची मर्यादाही हवी.

तिसरी अट सुरक्षेची आहे. जुनी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं बदलताना तयार झालेले पत्ते नव्या सर्व्हरकडे आणि बाकी सगळं फॉलबॅकनं जुन्याकडे पाठवतात. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या वडाच्या जातीच्या झाडाचं नाव दिलं. वड वाढत जातो आणि मूळ झाड हळूहळू संपतं. पद्धत उपयोगी आहे, पण फॉलबॅकच्या वाटेवर लॉगिनची तपासणी विसरली, तर जुना सर्व्हर उघडा पडतो. विस्मरणात गेलेले जुने एपीआय हा धोका ओवास्पच्या २०२३ च्या एपीआय सुरक्षा यादीतही आहे.

४०४ आणि ५०३ मध्ये फरक काय?

४०४ म्हणजे पत्ता सापडला नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबून फायदा नाही, आधी अ‍ॅप अपडेट करून पाहावं. ५०३ म्हणजे पत्ता बरोबर आहे, पण सेवा सध्या उपलब्ध नाही. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करता येतो. दोन्हीला एकच ‘काहीतरी चुकलं’ असा मेसेज दाखवला, तर जंगलपट्ट्यात आधीच कमी असलेली रेंज आणि अर्जदाराचा दिवस, दोन्ही वाया जातात.

वापरणाऱ्यानं काय करावं?

हिरव्या मेसेजवर थांबू नये. अर्ज क्रमांक मिळाला का, ते पाहावं. तोच क्रमांक टाकून अर्जाची स्थिती तपासावी आणि तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवावा. क्रमांक आलाच नसेल, तर अर्ज पोहोचला नाही असंच धरावं आणि मुदत संपण्याआधी संबंधित कार्यालयात कागदावर अर्ज देऊन पोच घ्यावी.