टोळी, कायदा आणि माणूस

बुलढाणा हे नाव मूळचे ‘भिलठाणा’, असे या भागातील जुनी माणसे सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यात या प्रदेशाची जुनी ओळख सांभाळली गेली आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, तर घाटाखाली पूर्णेच्या काळ्या मातीत मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. वरची माणसे खाली उतरायची ती बाजारासाठी आणि खालची वर चढायची ती सोयरिकीसाठी किंवा कचेरीच्या कामासाठी. दोहोंच्या मध्ये घाटाची वाट. वाट म्हटली की वाटसरू आला आणि वाटसरू आला की वाटमारीही आली. घाटात दिवस मावळू देऊ नये, ही शिकवण येथल्या कित्येक पिढ्यांनी आपल्या मुलांना दिली आहे.

एखाद्या वस्तीवर दरोडा पडतो, माणसे मारली जातात, स्त्रियांची विटंबना होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र हातात घेताना आपला हात थरथरतो. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात घोळके जमतात आणि एकच मागणी ऐकू येते, ‘अशांना फाशीच हवी, कायदा आणखी कडक व्हायला हवा.’ ही मागणी करणारी माणसे क्रूर नसतात. ती घाबरलेली असतात, बहुधा दुःखी असतात. त्यांच्या भीतीची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण हीच मागणी आपल्या देशात जवळजवळ दोनशे वर्षे होत आली आहे आणि तिला अनुसरून कायदेही झाले आहेत. त्या कायद्यांचे पुढे काय झाले, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

इ. स. १८०३ च्या सप्टेंबरात असई येथे आणि नोव्हेंबरात आडगाव येथे मराठी फौजांचा पराभव झाला. असई आज जालना जिल्ह्यात आहे, तर आडगाव अकोला जिल्ह्यात. म्हणजे ही दोन्ही रणांगणे बुलढाण्याच्या दोन बाजूंना आहेत. पुढे १८१७-१८ मध्ये पेंढाऱ्यांचा बीमोड झाला आणि पेशवाईही बुडाली. राज्ये मोडली की फौजा मोडतात आणि फौजा मोडल्या की हाताला फक्त तलवारीची सवय असलेली माणसे बेकार होतात. मध्य भारतातील आणि दख्खनमधील वाटा त्या काळात असुरक्षित झाल्या, त्याचे हे एक मोठे कारण होते. याच वाटांवर प्रवाशांच्या मेळ्यात मिसळून, त्यांचा विश्वास संपादन करून, रुमालाने गळा आवळणाऱ्या टोळ्यांचा शोध इंग्रज अधिकाऱ्यांना लागला. त्यांना ‘ठग’ म्हणत.

कर्नल स्लीमन याने ठगांच्या बंदोबस्ताचे काम अंगावर घेतले तेव्हा त्याच्यापुढे मोठी अडचण होती. ठग साक्षीदार जिवंत ठेवत नसत. प्रेत एका संस्थानात, मारेकरी दुसऱ्या संस्थानात आणि मृताचे आप्त तिसऱ्याच मुलखात, अशी स्थिती असे. एका विशिष्ट खुनाचा पुरावा उभा करणे जवळजवळ अशक्य होते. यावर तोडगा म्हणून १८३६ साली तिसावा कायदा झाला. या कायद्याने, एखादा मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप देता येऊ लागली. मग ते टोळीत असणे कायदा होण्यापूर्वीचे असो वा नंतरचे, कंपनीच्या मुलखातील असो वा बाहेरचे. त्याने कोणाला, कधी, कुठे मारले हे दाखविण्याची गरज उरली नाही. पुरावा बहुधा माफीच्या साक्षीदारांचा असे, म्हणजे ज्याने आपला जीव वाचविण्यासाठी इतरांची नावे सांगितली त्याचा.

१८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठग पकडले गेले, त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले, असे प्रसिद्ध आकडे आहेत. वाटा सुरक्षित झाल्या हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पकडलेले सगळेच ठग होते काय, याविषयी आजचे इतिहासकार साशंक आहेत. राधिका सिंघा यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात या कायद्यांची कठोर चिकित्सा केली आहे. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणाचा आहे, हा प्रश्न आपल्या फौजदारी कायद्यात शिरला तो येथे.

या इतिहासाचा एक धागा थेट बुलढाण्याशी जुळतो. निजामाच्या चाकरीत असताना ठगांचा तपास केलेला आणि १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबावर इंग्रजी कादंबरी लिहून विलायतेत नाव मिळविलेला फिलिप मेडोज टेलर १८५७ च्या धामधुमीत वऱ्हाडचा अधिकारी म्हणून बुलढाण्यास आला. वऱ्हाड १८५३ च्या तहानेच इंग्रजांच्या ताब्यात आले होते. रेसिडेंटने त्याला फौज दिली नाही. आहे त्यात निभावून न्या, एवढेच सांगितले. टेलरने निभावले. जिल्हा शांत राहिला. लोकांची भाषा जाणणारा, त्यांच्यात वावरलेला हा अधिकारी होता. ज्याच्या लेखणीने ठगाचे भय घरोघरी पोचविले, त्याला स्वतःला मात्र राज्य राखताना फौजेवाचून, लोकांच्या विश्वासावरच भिस्त ठेवावी लागली. इतिहासातील हा विरोधाभास आम्हांस मोठा बोलका वाटतो.

पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ठगांसाठी ३१० व ३११ ही स्वतंत्र कलमे आली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, ही व्याख्याही तेव्हाच पक्की झाली. दरोड्यात खून झाला तर त्यात सामील असलेल्या प्रत्येकाला फाशीपर्यंत शिक्षा देता येई. याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी स्थानके घेत रेल्वे पूर्वेकडे सरकली आणि १८६७ साली नागपूरला पोचली. पायी चालणारा, कमरेला कसा बांधलेला व्यापारी गाडीत बसला आणि वाटेवर दबा धरणाऱ्याची शिकारच नाहीशी झाली. फासाच्या दोरीचे श्रेय सर्वांनी सांगितले. लोखंडी रुळांचे श्रेय फारसे कोणी सांगितले नाही.

टोळीचा कायदा येथेच थांबता तर बरे होते. १८७१ साली ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा झाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली आणि १९२४ साली तो नव्याने एकत्र बांधला गेला. आता टोळीत असणे सिद्ध करण्याचीही गरज राहिली नाही. विशिष्ट जमातीत जन्मणे पुरेसे झाले. पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमातींची नावे सरकारी दप्तरात चढली. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा, तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहायचे. शिक्षेतही भेद होता. ठरावीक गुन्ह्यांत अशा जमातीचा माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला तर सात वर्षांहून कमी शिक्षा नाही आणि तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप. कडक शिक्षेची आजची मागणी याहून आणखी काय मागते?

येथे आपणही थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. या वसाहती चालविण्याचे काम सरकारने काही ख्रिस्ती संस्थांकडेही सोपविले होते. मुक्तिफौज हे त्यांतील ठळक नाव. त्यांनी शाळा काढल्या, उद्योग शिकविले, हे खरे. पण कुंपण कुंपणच होते आणि किल्ली आपल्याच बांधवांच्या हाती होती, हेही खरे. सेवा करणाऱ्या हातांनी अन्यायाची कडी लावू नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

अनंतशयनम् अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तथापि कागदावरचा शिक्का पुसला तरी मनावरचा पुसला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी वाचकाला हे आतून कळले. विदर्भातील एखाद्या गावी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या बेड्यावर जाते, ही तक्रार आजही ऐकू येते.

दरम्यान शहरांत निराळ्या टोळ्या वाढल्या. मुंबईत १९९७ च्या जानेवारीत कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांची आणि ऑगस्टात गुलशनकुमार यांची भरदिवसा हत्या झाली. खंडणी, सुपारी, शूटर हे शब्द घरोघर पोचले. १९९९ साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा केला. तोच ‘मोक्का’. त्यात किमान पाच वर्षांची कैद आली, जामीन अवघड झाला आणि पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य ठरला. एरवी आपल्या कायद्यात पोलिसांपुढील कबुली ग्राह्य नाही, कारण ती कशी मिळते हे सर्वांना ठाऊक असते. या कायद्याने मुंबईतील टोळ्यांना वेसण घालण्यास मदत झाली, असे पोलीस सांगतात आणि ते अमान्य करण्याचा आमचा हेतू नाही. पण २००६ च्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात याच कायद्याखालील कबुलीजबाबांवर विसंबून २०१५ साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून बाराही जणांना निर्दोष सोडले. त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. तरीही इतक्या वर्षांच्या तुरुंगवासानंतर असा निकाल यावा, ही गोष्टच विचार करायला लावणारी आहे.

याहूनही आमच्या विषयाशी जवळचा खटला नाशिक जिल्ह्यातील आहे. २००३ च्या जूनमध्ये रात्री एका शेतवस्तीवर दरोडेखोर आले. पाच माणसे मारली गेली. मृतांत अत्याचाराला बळी पडलेली एक अल्पवयीन मुलगी होती. तिची आई तशाच अत्याचारातून, जबर जखमी अवस्थेत वाचली. भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. गुन्ह्याच्या वेळी त्यांतला एक जण अल्पवयीन होता, हे नंतर उघड झाले. गुन्हेगाराची परिस्थिती न पाहता दिलेल्या अशा काही शिक्षा बदलाव्यात म्हणून २०१२ साली १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहिले. त्यांत हाही खटला होता. अखेर सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निर्णय मागे घेऊन फेरसुनावणी केली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष ठरविले. त्या दुर्दैवी आईने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून वेगळीच चार माणसे ओळखली होती आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, असे न्यायालयास आढळले. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे तर परत देता येत नव्हती.

या प्रकरणी आपण बहुधा त्या सहा जणांविषयीच हळहळतो. आम्ही त्या आईचाही विचार करतो. तिने खरे सांगितले होते. न्यायव्यवस्थेने तिच्यासाठी सर्वांत कठोर शिक्षा सुनावली, एकदा नव्हे, अनेकदा. आणि तरीही तिला न्याय मिळाला नाही. फाशीच्या शब्दाने सर्वांचे समाधान झाले आणि खऱ्या मारेकऱ्यांचा शोध तेथेच थांबला. कठोर शिक्षा तपासाची जागा घेऊ लागली की लाभ होतो तो मोकळ्या फिरणाऱ्या गुन्हेगाराचा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ‘ठग’ हा शब्द तिच्यातून गेला. १११ वे कलम संघटित गुन्ह्यासाठी आले. अशा गुन्ह्यात मृत्यू घडल्यास फाशी किंवा जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड. इतर बाबतीत किमान पाच वर्षे कैद. गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असणे, ही त्यातील एक कसोटी आहे. आरोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नव्हे. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या संशयच लादला गेला, त्यांच्या नावे आरोपपत्रे सहज साठतात, हे हा कायदा राबविणाऱ्यांनी विसरू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरविताना विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानण्याच्या वृत्तीवर कोरडे ओढले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

मिलानच्या बेकारियाने १७६४ सालीच सांगून ठेवले होते की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती चुकणार नाही या खात्रीने. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली आपल्या धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून, देहदंड हा मानवी प्रतिष्ठेवरील आघात असल्याने तो अस्वीकार्य आहे, असे स्पष्ट केले. याचा अर्थ दरोडेखोराला मोकळे सोडा असा नाही. समाजाचे रक्षण झालेच पाहिजे, आणि ते कैदेने होते.

अमरावती धर्मप्रांतातील आपली बुलढाण्याकडची कुटुंबे घाटातून ये-जा करतात, त्यांच्या मुली दूरच्या शाळांत जातात. त्यांना सुरक्षितता हवी आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून आमची मागणी आहे ती रात्री ठाण्यात फोन उचलला जाण्याची, पंचनामा प्रामाणिकपणे होण्याची, साक्षीदार स्त्रीचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची आणि खटला पिढी उलटण्यापूर्वी संपण्याची. पुढच्या वेळी चर्चच्या आवारात फाशीची मागणी कानी येईल तेव्हा आपण एकच प्रश्न विचारावा, ‘पकडले आहेत ते खरे तेच आहेत ना?’ या प्रश्नाने पीडितांचा अवमान होत नाही. नाशिकच्या त्या आईचाही तोच प्रश्न होता आणि तो ऐकून घ्यायला आपल्याला सोळा वर्षे लागली.