मद्रासच्या समाधिशिळा

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात सेंट मेरीचे देवालय आहे. त्याच्या भोवतालचे अंगण लेख कोरलेल्या दगडी शिळांनी फरसबंद झालेले आहे. पाहणाऱ्यास वाटावे, ही जुनी दफनभूमीच होय. वास्तविक या शिळा जेथल्या, तेथे त्या नाहीत; आणि ज्यांची नावे त्यांवर आहेत, ती माणसेही त्यांच्याखाली नाहीत.

शिवाजी महाराज १६७७ साली जिंजीवर चालून गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी या देवालयाच्या बांधकामास आरंभ झाला आणि १६८० साली ते पुरे झाले. इंग्रजांची दफनभूमी मात्र तटाबाहेर, जुन्या विधी महाविद्यालयाच्या आवारात होती. कंपनीच्या धनिकांना मेल्यावरही उंच राहण्याची हौस. त्यांनी तेथे शिखरांसारख्या समाध्या उभारल्या. तीच हौस अंगाशी आली. डिसेंबर १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली याने किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैनिकांना या समाध्यांचा आयताच आडोसा मिळाला. पुढे फेब्रुवारीत वेढा उठला आणि इंग्रजांनी आपल्याच पूर्वजांच्या समाध्या पाडून टाकल्या. लेखांच्या शिळा देवालयाच्या अंगणात आल्या. अस्थी जागच्या जागी राहिल्या.

शिळांना तेथेही स्वस्थता नव्हती. हैदर अलीच्या युद्धात १७८२ साली त्या उपटून तटावरील तोफांखाली बसविण्यात आल्या. पुढे त्या परत आल्या, पण कित्येकींना कायमच्या खुणा झाल्या. एलिझाबेथ बेकर या स्त्रीची १६५२ची शिळा यांतच आहे. भारतातील इंग्रजांच्या स्मृतिशिळांत ती सर्वांत जुनी समजतात. शेजारी लॅटिन व पोर्तुगीज लेखही आढळतात.

पाडापाडीतून एखाद-दुसरीच समाधी वाचली. त्यांतली एक जोसेफ हिनमर्स याची. तो १६८० साली वारला. त्याच वर्षी त्याच्या विधवेने एलिहू येल याच्याशी या नव्या देवालयात विवाह केला. पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेला आणि अमेरिकेतील विद्यापीठास ज्याचे नाव लाभले, तोच हा येल. त्यांचा मुलगा डेव्हिड जेमतेम चार वर्षांचा होऊन गेला. आईने त्याला आपल्या पहिल्या पतीशेजारी निजविले. लालीच्या वेढ्यातून तगलेली ही समाधी १९२१ साली संरक्षित ठरली. पुढे उच्च न्यायालयाच्या आवारात वकील-पक्षकारांच्या मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ हवा झाला, आणि २०२३ साली ती समाधी तेथून हलविण्याचा आदेश एका न्यायमूर्तींनी दिला.