आडनाव न विचारता मिळणारा चहा

मराठीत ‘हॉटेल’ म्हटलं की आधी खाणं डोळ्यांसमोर येतं, खोली नंतर. मूळ इंग्रजी शब्द मुक्कामाच्या जागेचा. आपण तो घेतला आणि चहाच्या टपरीपासून पंचतारांकित इमारतीपर्यंत सगळ्यांना चिकटवला. मग झोपण्याच्या जागेसाठी ‘लॉज’ हा दुसरा शब्द आणावा लागला. आजही घरात कुणी म्हणालं, “आज हॉटेलात जाऊ,” तर कुणी बॅग भरायला घेत नाही.

नावड्यात हे दोन्ही शब्द रोज वापरात असतात. पनवेल-मुंब्रा रस्त्यावर, तळोजा एमआयडीसीला लागून असलेलं हे गाव. जुनी आगरी वस्ती, सिडकोच्या नव्या इमारती, ‘नावडे रोड’ नावाचं रेल्वे स्टेशन आणि दिवसरात्र चालणारे ट्रक. कारखान्यात शिफ्ट करणारा, माल उतरवून परत जाणारा, भाड्याच्या खोलीत चौघांत राहणारा, असे सगळे इथे बाहेर जेवतात. गावाचं नाव ऐकून पाहुणे ‘नावडतीचं मीठ अळणी’ असा विनोद हमखास करतात. इथली सुक्या मासळीची चटणी खाल्ली की तो विनोद परत करत नाहीत.

भूक लागली, आत शिरलो, पैसे दिले, बाहेर पडलो. याला काही इतिहास असेल असं वाटत नाही. पण अनोळखी माणसाच्या हातचं, अनोळखी माणसाशेजारी बसून खाणं ही गोष्ट महाराष्ट्रात भांडून मिळालेली आहे. ते भांडण अजून पुरतं मिटलेलंही नाही. जेवणाच्या टेबलावरून उठून ते लॉजच्या काउंटरवर जाऊन बसलं आहे.

एक कप चहा, दोन वर्षं वाद

हॉटेलं नव्हती तेव्हाही माणसं प्रवास करतच होती. बरोबर शिदोरी किंवा शिधा घ्यायचा, नदीकाठी तीन दगडांची चूल मांडायची आणि मुक्कामाला नातेवाईक, जातवाले नाहीतर धर्मशाळा गाठायची. आपल्या जातीबाहेरच्या हातचं खाल्लं तर परतल्यावर जाब द्यावा लागे.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात काय झालं ते बघा. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे पती, यांनी शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलं. व्याख्यानानंतर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी संकोचाने नुसता कप हातात धरला. गोपाळरावांनी नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात गदारोळ उडाला. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, सामाजिक बहिष्काराची टांगती तलवार आली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. ते तेव्हा हायकोर्टाच्या न्यायाधीशासारख्या मोठ्या पदाच्या उंबरठ्यावर होते, तरी एका कपाने त्यांना सोडलं नाही.

हेच टिळक तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत सरदारगृहात वारले. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह म्हणजे उतारूंसाठीची जागा, आजच्या भाषेत हॉटेलच. जिथे चहाच्या कपावरून शहर हादरलं होतं, त्याच समाजाचा सर्वात मोठा पुढारी मुंबईत उतरला की मुक्कामाला हॉटेलात राहत होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मधल्या तीस वर्षांत रेल्वे, गिरण्या, कचेऱ्या आणि पोटासाठी मुंबईत आलेली लाखो माणसं, यांनी शास्त्रापेक्षा जास्त काम केलं होतं.

‘मेंबर’ झालेली माणसं

मुंबईत साहेबांसाठी वॉटसन्स हॉटेल होतं. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंचे हलणारे फोटो भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते तिथेच. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडलं. पण मराठी माणसाचं बाहेर जेवणं या झुंबरांखाली सुरू झालं नाही. ते सुरू झालं गिरणगावातल्या खानावळीत.

कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून येई. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. जेवणासाठी तो महिन्याचे पैसे ठरवून एखाद्या बाईकडे ‘मेंबर’ होई. ही बाई बहुतेक वेळा त्याच्याच गावची किंवा जातीची असे. म्हणजे शहरात येऊनही ताट गावचंच होतं. खानावळीने माणसाला उपाशी ठेवलं नाही, पण अनोळखी माणसाशेजारीही बसवलं नाही.

या बायकांचा हिशेब मात्र कायम उलटा. वाण्याकडून आणि सावकाराकडून उधारीवर माल घ्यायचा, मेंबरने पगार झाल्यावर पैसे द्यायचे, मधलं व्याज बाईच्या डोक्यावर. गिरणीत संप झाला की आधी तिची चूल अडचणीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांचं काम ‘धंदा’ म्हणून कागदावर आलं.

जातीबाहेरचं टेबल खऱ्या अर्थाने आणलं ते इराण्यांनी आणि नंतर उडुपीवाल्यांनी. कोपऱ्यावरचं इराणी हॉटेल, संगमरवरी टेबल, बन-मस्का आणि पाणीकम चहा. इथे हमाल आणि कारकून एकाच टेबलावर बसू शकत. बाई आली तर मात्र तिच्यासाठी पडदा किंवा लाकडी आडोसा लावलेली ‘फॅमिली रूम’. नावात फॅमिली होती, कारण एकटी बाई हॉटेलात येईल ही कल्पनाच कुणी केली नव्हती.

अकरा दिवस

पैसे आहेत, शिक्षण आहे, तरी खोली नाही, असं एका माणसाच्या बाबतीत झालं तेव्हा त्याचे परिणाम पुढे राज्यघटनेपर्यंत गेले.

१९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडनमधून शिकून बडोदा संस्थानात नोकरीसाठी आले. हिंदू हॉटेलं ‘अस्पृश्याला’ जागा देणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते एका पारशी उतारूगृहात गेले. ते पारशी नाहीत हे कळल्यावर तिथला माणूस अडला; पण ग्राहक नव्हते, पैसा हवा होता. शेवटी नोंदवहीत पारशी नाव लिहायचं ठरलं. वरच्या मजल्यावर ते एकटेच होते. मोठा अंधारा हॉल, सोबतीला पुस्तकं. अकराव्या दिवशी सकाळी ते ऑफिसला निघाले तेव्हा दारात काठ्या घेतलेले डझनभर पारशी उभे होते. संध्याकाळपर्यंत खोली सोड, नाहीतर बघून घेऊ, असं बजावून ते गेले. आंबेडकरांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही कारण सांगितलं. मग ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. आठवणींच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात त्यांनी हे सगळं सांगितलं आहे.

साधारण याच काळात कोल्हापुरात उलट दिशेने एक गोष्ट घडली. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या नोकरीत होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक हॉटेल’ उघडलं. कपबश्या स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक नाही. मग महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे थांबू लागले. गाडी थांबवायची, गंगारामच्या हातचा चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही प्यायला लावायचा. राजाने प्यायलेला चहा नाकारणार कोण? पुढे त्यांनी गंगारामांना सोडावॉटरचं मशीनही घेऊन दिलं. शाहूंच्या निधनानंतर त्यांचं पहिलं स्मारक उभारण्यात याच गंगारामांचा पुढाकार होता.

पुण्यात चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त. कोल्हापुरात चहा पिणं हाच सुधारणेचा कार्यक्रम. अंतर जेमतेम तीस वर्षांचं.

विहिरीच्या शेजारी हॉटेल

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने आणि धर्मशाळा सगळ्यांना खुल्या असाव्यात, असं त्यात होतं. पाण्याच्या बरोबरीने मुक्कामाची जागाही त्या यादीत होती, हे सहसा आपल्या लक्षात राहत नाही. या ठरावाच्या आधारावर महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, पण ते कागदावरच. म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह. महाड आणि नावडे एकाच रायगड जिल्ह्यात येतात. ज्या पनवेलहून मुंबई-गोवा महामार्ग सुटतो, त्याच रस्त्यावर पुढे महाड लागतं.

राज्यघटनेचा अनुच्छेद १५ वाचताना ही सगळी माणसं आठवतात. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्त्यांच्या जोडीला दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. मूलभूत हक्क बहुतेक वेळा सरकारला बांधतात. हा खंड गल्ल्यावर बसलेल्या मालकालाही बांधतो. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. कारण तोवर आत घेतलं तरी कपबशी वेगळी, ती बाहेर खुंटीला टांगलेली आणि धुवायची ज्याची त्याने, असा प्रकार गावोगाव होता. कायद्यानंतरही तो अनेक वर्षं टिकला.

‘लोकल चालत नाही’

आता काउंटरवर येऊ. दोन वर्षांपूर्वी घरी लग्नाचे पाहुणे होते आणि ऐनवेळी इमारतीची पाण्याची टाकी दुरुस्तीला निघाली. आतेभावासाठी आणि माझ्यासाठी एक रात्र खोली हवी म्हणून मी जवळच्या एका लॉजवर गेलो. आधार कार्डावरचा पत्ता बघून काउंटरवरच्या मुलाने कार्ड परत सरकवलं. “लोकल चालत नाही, दादा.” का, विचारल्यावर म्हणाला, “मालकांनी सांगितलंय.” आपल्याच गावात आपण संशयित ठरतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्यासाठी ती एका रात्रीची गैरसोय होती. एकट्या आलेल्या मुलीला “बरोबर कोण आहे?” असं विचारतात, लग्न न झालेल्या जोडप्याला वरपासून खालपर्यंत बघतात, आडनाव वाचून काहींना ‘रूम फुल आहे’ सांगतात. त्यांना हे दर वेळी ऐकावं लागतं.

ओळखपत्र मागणं ठीक आहे. नोंद ठेवणं हॉटेलचं कामच आहे. पण दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहणं हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं. अनुच्छेद १५ च्या यादीत लग्न नाही आणि घरचा पत्ताही नाही, हे खरं. पण धर्म, जात आणि लिंग आहेत. ‘रूम फुल आहे’ या तीन शब्दांमागे त्यांतलं काही लपलेलं असेल, तर ते बडोद्याच्या उतारूगृहाचंच सौम्य रूप आहे. फक्त हातात काठी नसते.

जेवणाचं टेबल मात्र बरंच पुढे गेलंय. एमआयडीसीच्या दुपारच्या सुट्टीत नावड्यातल्या कुठल्याही गर्दीच्या हॉटेलात जा. चार जणांच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी दिसली की वेटर तुम्हाला तिथे बसवतो. समोरचा उत्तर प्रदेशचा वेल्डर, शेजारचा साताऱ्याचा ड्रायव्हर, पलीकडचा कुठला ते कळत नाही. पाण्याचा जग एकच. तो कुणी आधी उचलायचा, एवढंच तिथे ठरवायचं उरतं.